वेटसूट घेऊन हॅम्बुर्गला जायचंय: वंगणाऐवजी काय चालतं?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. जूनच्या सुरुवातीला हॅम्बुर्गच्या फुल आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा पूर्ण अंतराच्या शर्यतीला, कोल्हापुरातून आम्ही तिघं निघतोय. गोव्याच्या ७०.३ ला, म्हणजे निम्म्या अंतराच्या शर्यतीला, मिरामारच्या कोमट पाण्यात वेटसूटचा (थंड पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी सुटाचा) प्रश्नच येत नाही, त्यामुळे हा प्रकार तिघांनाही नवा. सूट पूर्ण बाह्यांचे, ट्रायथलॉनचे, मांडीला ४ आणि बाह्यांना २ मिमी. पहिल्यांदा घालून बघताना पाऊण तास गेला आणि एका सुटावर नखाची खूण उमटली.

अडचण वंगणाची आहे. दुकानात सुचवलेला सिलिकॉन स्प्रे एरोसोलच्या डब्यात येतो, तो विमानात चालेल का? तिकडे जाऊन घ्यायचं तर ऐनवेळी मिळेल का? व्हॅसलीन लावू नका असं जो तो सांगतो, का ते कुणी सांगत नाही. खोबरेल तेल तर घरात लिटरने आहे. सायकलच्या पेटीतच सगळं वजन जातं, तेव्हा कमीत कमी सामानात काम भागेल असं सांगा.

---

ओलेचिंब

वंगण म्हणून एकच शब्द वापरतो, पण सुटाला त्याची तीन वेगळी कामं असतात: सूट चढवणं, मान काचू न देणं आणि पाण्यातून आल्यावर सूट उतरवणं. तिन्हींसाठी एकच बाटली शोधायला गेलं की गोंधळ होतो. चढवायला वंगण लागत नाही, पिशवी लागते. उतरवायला बहुतेक वेळा आतलं पाणीच पुरतं. खरी गरज मानेची, आणि तिथे लागतो वाटाण्याएवढा गोळा. हे लक्षात आलं की सामान आपोआप कमी होतं.

आधी चढवणं. पाऊण तास लागला याचा अर्थ तुम्ही घामेजल्या अंगावर, बाहेरून ओढून घालत होतात. पंख्याखाली अंग कोरडं करा, हाता-पायाची नखं कापा, अंगठी-घड्याळ काढा. पाऊल ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत घाला. २०१८ च्या बंदीनंतर पातळ कॅरीबॅग शोधत बसण्यापेक्षा ब्रेडची पिशवी बरी, लांबही असते आणि गुळगुळीतही. पिशवीसकट पाय सुटात घातला की टाच न अडकता सरकन बाहेर येते. पिशवी काढून दुसऱ्या पायाला, मग दोन्ही हातांना.

आता महत्त्वाचं. पायाची कड घोट्याच्या हाडाच्या वर चार बोटं बसवा. मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, कापडाची छोटी चुणी चिमटीत धरून वर सरकवा. एकदम वीतभर ओढायचं नाही, इंच-दोन इंच करत जायचं. पोटरी, गुडघा, मांडी असं करत जांघेपर्यंत पोचा. जांघेत बोटभरसुद्धा पोकळी राहता कामा नये. नवख्यांचं नेमकं इथेच चुकतं: जांघेत सूट खाली राहिला की छातीला आणि खांद्याला कापड कमी पडतं, कॉलर गळ्यावर खाली ओढली जाते, श्वास कोंडल्यासारखा होतो आणि मानेवर घासतं. मग माणूस म्हणतो वंगण कमी पडलं. कमी पडलेलं असतं कापड.

खांद्यांचंही तसंच. बाहीतल्या चुण्या मनगटाकडून काखेकडे आणि तिथून खांद्यावर ढकलत न्या. दोन्ही खांद्यांवर सैल कापडाची एक घडी दिसली पाहिजे. मग छाती पुढे काढून खांदे मागे घ्या आणि पाठीवरची साखळी (झिप) दुसऱ्याला लावू द्या. त्याने आधी दोन्ही कडा जवळ धरायच्या, मग दोरी ओढायची. हात वर केल्यावर काखेत पडदा ताणल्यासारखा वाटला तर बाही अजून वर यायला हवी. सवय झाली की सगळं दहा मिनिटांत होतं.

सूट घालताना पातळ सुती हातमोजे घाला. ट्रायथलॉनच्या सुटाला बाहेरून कापडाचं अस्तर नसतं, उघडं गुळगुळीत रबर असतं आणि वर घर्षण कमी करणारा पातळ लेप. नख लागलं की त्यावर चंद्रकोरीसारखा काप पडतो. तुमच्या मित्राची खूण तशीच असेल. ती हलकेच वाकवून बघा: उघडल्यावर आतलं अस्तराचं कापड दिसलं तर काप आरपार आहे. नुसता वरचा ओठ उघडत असला तर घाबरू नका, पण चिकटवून मगच न्या, कारण पुढच्या वेळी तो तिथूनच फाटतो.

चिकटवायला निओप्रीन सिमेंट, म्हणजे सुटाच्या रबराचा खास गोंदच वापरा. दोन्ही ओठांवर काडेपेटीच्या काडीने पातळ थर, पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचा, दुसरा थर, तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका वाळला की दाबून धरायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. फेविक्विक नको. ते काचेसारखं कडक होतं आणि पहिल्याच ताणाला बाजूने नवी चीर पडते. हे काम निघण्याआधी उरका, कारण सिमेंटमधला द्रावक ज्वलनशील असतो आणि ती ट्यूब केबिन किंवा चेक-इन कुठल्याच सामानात चालत नाही.

तुमच्या स्प्रेबद्दल. त्वचेला लावायचा एरोसोल प्रसाधनात मोडतो. केबिनमध्ये डबा १०० मिलीपर्यंतचा हवा, आणि हा हिशेब डब्यावर छापलेल्या मापाचा असतो, आत किती उरलंय त्याचा नव्हे. चेक-इन बॅगेत एक डबा जास्तीत जास्त ५०० मिली, आणि अशी सगळी प्रसाधनं व औषधं मिळून माणशी २ लिटर. वर टोपण घट्ट हवं. हार्डवेअरच्या दुकानातला किंवा सायकलच्या चेनचा सिलिकॉन स्प्रे मात्र ज्वलनशील चिन्ह असलेला आणि प्रसाधन नसलेला, म्हणजे दोन्हीकडे बंद. त्यातला द्रावक रबरालाही वाईट.

तुमच्या जागी मी स्प्रे घरीच ठेवला असता. मान काचू न देणारी, त्वचेला लावायची मेणाची एक कांडी, तीन ब्रेडच्या पिशव्या, तीन जोड सुती हातमोजे. कांडी तिघांत वापरायची तर तिचे घरीच चाकूने तीन तुकडे करून रिकाम्या लिपबामच्या डब्यांत भरा. महाग वाटते, पण मानेपुरती वापरली की अख्खा हंगाम पुरते.

---

तारकर्लीकर

स्कुबावाल्यांची रीत सांगतो. मालवण-तारकर्लीला दिवसभर ओले सूट चढवायचे-उतरवायचे असतात, तिथे कोरडं अंग नावाची चीज मिळत नाही. जगभर डायव्हर वापरतात तो उपाय म्हणजे केसांचं कंडिशनर. एक भाग कंडिशनर, चार भाग पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत हलवून सुटाच्या आतून मनगट, घोटे आणि पोटरीच्या भागात चार-पाच फवारे. त्याहून घट्ट केलं तर धुऊन निघत नाही, पातळ केलं तर उपयोग होत नाही. लहान मुलांचा शाम्पू एकास पाच या प्रमाणात चालतो, पण फेस होतो आणि तो अंगाला तासभर चिकटून राहिला की काही जणांना खाज सुटते.

तुम्हाला याचा फायदा एवढाच की हॉटेलच्या न्हाणीघरात कंडिशनर फुकट मिळतं, न्यायला काहीच नको. पण दोन गोष्टी सांभाळा. गळ्याजवळ फवारू नका, पाण्याबरोबर ते वर येऊन गॉगलमध्ये गेलं की डोळे चुरचुरतात आणि शर्यतीतलं ३.८ किमी पोहणं मजेत जात नाही. आणि उरलेलं पाण्यात ओतू नका. आमच्याकडे सूट किनाऱ्यावर बादलीतच विसळायचा दंडक त्यासाठीच आहे, खाली प्रवाळ आहे.

आमचे सूट दोन्ही बाजूंनी नायलॉनच्या अस्तराचे असतात, त्यांना नखाने काही होत नाही. म्हणून डायव्हरचे व्हिडिओ बघून तुमचा सूट तसा खसाखसा ओढू नका.

बाकी पर्याय पटापट. टाल्कम पावडर: एसीच्या खोलीत कोरड्या अंगावर छान, घामट हवेत तिचं पीठ होऊन गोळे बनतात. ग्लिसरीन: सुरुवातीला बुळबुळीत, दोन मिनिटांत चिकट. कोरफडीचा जेल: तीच गत. के-वाय जेलीसारखी पाण्यावर आधारलेली जेली: सूट चढवायला उत्तम, रबराला निर्धोक, पण पाण्यात उतरल्यावर विरघळून जाते, तेव्हा मानेसाठी तिचा भरवसा धरू नका.

---

रंकाळावेस

ओलेचिंब, तारकर्लीकर, दोघांचेही आभार. जांघेतली पोकळी वाचून आरशात बघितलं, तिघांच्याही सुटात होती! चार बोटं वर घेतल्यावर गळ्यावरचा ताण खरंच गेला.

आता उरलेल्या शंका. फिजिओथेरपीवाल्याकडे सोनोग्राफीचा जेल पडून असतो, २५० मिलीची बाटली स्वस्त मिळते. तो चालेल का? आणि व्हॅसलीन-खोबरेल तेलाचा निकाल कुणीतरी लावाच.

---

रबरपंडित

निकाल लावतो, पण "व्हॅसलीन लावलं की सूट विरघळतो" हे खरं नाही, तिथून सुरुवात करू.

निओप्रीन म्हणजे पॉलिक्लोरोप्रीन. त्याच्या रेणूंच्या साखळीत क्लोरीन असल्यामुळे नैसर्गिक रबरापेक्षा ते तेलापुढे पुष्कळ जास्त टिकतं. म्हणूनच गाड्यांच्या नळ्या, पट्टे याचे करतात. एकदा व्हॅसलीन लावलं आणि संध्याकाळी साबणाने धुतलं तर सुटाला दृश्य असं काही होणार नाही. मग नको का म्हणतात? तीन कारणं.

पहिलं, वेटसूट म्हणजे भरीव रबर नव्हे, वायूच्या बारीक बंद बुडबुड्यांचा फोम आहे. बुडबुड्यांमधल्या भिंती अतिशय पातळ. पेट्रोलियमचे हायड्रोकार्बन त्यांत हळूहळू मुरले की रबर फुगतं आणि मऊ पडतं. वारंवार लावलं आणि तसंच गुंडाळून ठेवलं तर गळ्याची कड लिबलिबीत होऊन लांबते. दुसरं, सुटाचे तुकडे आधी गोंदाने जोडलेले असतात, शिलाई नंतर येते. तो गोंद आणि वरचा लेप तेलापुढे रबराइतके टिकतीलच असं नाही. शिवण उकलण्याची सुरुवात तिथून होते. तिसरं कारण साधं: व्हॅसलीन पाण्याने निघत नाही, अस्तराच्या कापडात बसतं, त्यावर मळ आणि वाळू बसते, आणि तीच वाळू पुढच्या वेळी मान सोलवटते.

आता अपवाद. हल्ली निओप्रीनऐवजी नैसर्गिक रबराचे सूट निघालेत. त्यांना आणि ड्रायसूटच्या लॅटेक्सच्या गळपट्टीला तेलाचा कुठलाही प्रकार वर्ज्य. तिथे नुकसान खरोखर लवकर होतं. आपला सूट कशाचा ते लेबलवर बघा. भाड्याचा सूट असेल तर प्रश्नच नाही, बहुतेक दुकानं व्हॅसलीन लावलेला सूट परत घेताना कटकट करतात.

खोबरेल तेल. रबराचं एकवेळ सोडा. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, हे कोल्हापुरात डिसेंबरच्या सकाळी बाटली शेगडीजवळ ठेवणाऱ्याला सांगायला नको. हॅम्बुर्गला ज्यात पोहायचं त्या आल्स्टर तलावाचं पाणी वीसच्या आत-बाहेर. म्हणजे मानेवर लावलेल्या तेलाची पाण्यात रवाळ, पांढरी खरड होणार. शिवाय तळहात तेलकट राहतात, ते गॉगलला लागतात, काचेच्या आतल्या बाजूचा वाफ न धरणारा लेप गेला की पुढचे दोन तास धुक्यात. तीळतेल, एरंडेल गोठत नाहीत, पण हाताचा आणि वासाचा प्रश्न तसाच.

सोनोग्राफीचा जेल. पाणी आणि ते घट्ट करणारं कार्बोमर, रबराला पूर्ण सुरक्षित. एक गंमत घरी करून बघा: बशीत चमचाभर जेल घ्या आणि वर चिमूटभर मीठ टाका. क्षणात त्याचं पाणी होतं. घामातल्या मिठानेही थोडंफार तेच घडतं. म्हणून जेल लावायचा तर कोरड्या कातडीवर, लावल्यावर लगेच पाय घालायचा, थांबायचं नाही. प्रत्येक घोट्याला एक चमचा, प्रत्येक मनगटाला अर्धा. १०० मिलीच्या बाटलीत ओतून घेतलात तर तिघांना तिथला एक सराव धरून पुरेल. मात्र मानेला त्याचा शून्य उपयोग.

मानेला पाण्यात न विरघळणारं आणि पेट्रोलियम नसलेलं असं काहीतरी लागतं. त्याचे दोनच वर्ग हाताशी आहेत. एक, सिलिकॉन: लेबलवर डायमेथिकोन पहिल्या दोन-तीन घटकांत असेल असा जेल, किंवा मेडिकलमध्ये मिळणारं सिलिकॉनवर आधारलेलं लुब्रिकंट. घोट्याला आणि मानेला पाच-सहा थेंब पुरतात, पाण्यात टिकतं, रबराला काही करत नाही. खोट एकच: सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर गोंद धरत नाही. सुटाला दुरुस्ती करायची असेल तर ती आधी करा. लागलंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसून मग सिमेंट लावा. दुसरा वर्ग, लॅनोलिन म्हणजे लोकरीचं मेण. बाळंतिणींसाठी शुद्ध लॅनोलिनचं मलम केमिस्टकडे छोट्या ट्यूबमध्ये मिळतं. चिवट असतं, बोटांत चोळून गरम करावं लागतं. वाटाण्याएवढं घेऊन मानेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. लोकर सोसत नसेल त्यांनी आधी कोपरावर लावून एक दिवस बघावं.

लेबलवर पुढची नावं दिसली की बाटली खाली ठेवा: पेट्रोलॅटम, पॅराफिनम लिक्विडम, मिनरल ऑइल, सेरा मायक्रोक्रिस्टलिना. बेबी ऑइल म्हणजे सुगंध घातलेलं मिनरल ऑइलच, नावातल्या बाळाला भुलू नका. सायकलच्या गादीला लावायच्या क्रीममध्येही काही पाण्यावरच्या असतात, काही पॅराफिनच्या. वाचल्याशिवाय घेऊ नका.

---

आल्स्टरकाठी

हॅम्बुर्गमध्ये काय मिळतं ते सांगते, म्हणजे तिकडून काय आणायचं ते तुम्हीच ठरवा.

रंकाळावेस, पहिली धोक्याची सूचना वारांची. शर्यत रविवारी. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य स्टेशनातली काही सोडली तर. शिवाय मे ते जूनच्या मध्यापर्यंत ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या सुट्ट्या येतात, त्या दिवशीही सगळं बंद. तारखा दरवर्षी हलतात, कॅलेंडर बघून निघा. शनिवार दुपारपर्यंत खरेदी संपवलेली बरी.

डेएम आणि रॉसमान ही प्रसाधनांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. तिथे "ग्लाइटगेल" मागा, म्हणजे लुब्रिकंट. लाजू नका, टूथपेस्टच्या पुढच्याच रांगेत असतं. पाकिटावर "वासरबाझिस" लिहिलेलं पाण्यावरचं, "सिलिकोनबाझिस" लिहिलेलं सिलिकॉनचं. तुम्हाला दुसरं हवं. घटकांची नावं युरोपभर एकाच पद्धतीने छापतात, त्यामुळे रबरपंडितांची यादी जशीच्या तशी चालेल, जर्मन यायची गरज नाही.

दोन सापळे आहेत. एक "मेल्कफेट". शब्दशः धार काढतानाचं मलम, गाईच्या सडांना लावायचं. आपल्या गावाकडच्या माणसाला ऐकून आपलंसं वाटतं, इथले धावपटूही लावतात, पण ते जवळजवळ व्हॅसलीनच असतं. दुसरं "हिर्शटाल्ग", हरणाच्या चरबीची क्रीम. पायाला फोड येऊ नयेत म्हणून डोंगर चढणारे लावतात, काचण्यावर खरोखर चांगली. पण कंपनीनुसार त्यात पेट्रोलॅटम असतं किंवा नसतं. लेबल वाचून घ्या आणि सुटाच्या आत नको, सायकलवर बसताना वापरा.

ब्रेडच्या पिशव्या विसरलात तर फळं-भाजीच्या रोलवरच्या पिशव्या उचलू नका. २०२२ पासून इथे साध्या पातळ कॅरीबॅग बंद आहेत. फळांच्या पिशव्या बंदीतून वगळल्यात, पण त्या इतक्या तलम की टाचेतच फाटतात. "गेफ्रिअरबॉयटेल" घ्या, फ्रीझरमध्ये अन्न ठेवायच्या पिशव्या, ६ लिटरच्या. पुरुषाचं पाऊल आरामात मावतं. वापरून झाल्या की खिशात, काठावर टाकल्यात तर लोक बोलतात आणि बरोबरच बोलतात.

आल्स्टरचं पाणी गोडं आहे, समुद्राइतकं काचत नाही. त्याच सुटात नंतर कोपनहेगनला किंवा कुठे समुद्रात उतरायचं झालं तर मानेला दुप्पट लावा. कातडीवर वाळणाऱ्या मिठाचे कण कानशीसारखं काम करतात.

---

रंकाळावेस

मेल्कफेट वाचून हसलो, आमच्यातल्या एकाची दहा म्हशींची गोठ्याची जागा आहे, त्याने तेच आणलं असतं.

ठरलं असं: जेलची १०० मिलीची बाटली चढवायला, लॅनोलिन मानेला, पिशव्या. मेणाची कांडी रद्द. आता सूट कुठल्या सामानात टाकायचा, शर्यतीच्या सकाळी काय क्रम ठेवायचा आणि ओला सूट परत कसा आणायचा एवढं सांगा. परत येऊ तेव्हा इथे पावसाळा लागलेला असेल.

---

ओलेचिंब

कांडी रद्द केलीत तरी हरकत नाही, लॅनोलिन तेच काम करतं.

सूट केबिनमध्येच. दीड किलोच्या आत असतो आणि पेटी एक दिवस उशिरा आली तरी सायकल भाड्याने मिळेल, अंगाला बसणारा सूट मिळणं कठीण. उलटा करा, म्हणजे अस्तर बाहेर, आत एक पातळ टॉवेल ठेवून पायाकडून सैल गुंडाळी करा. घडी घालू नका, दिवसभर दाबलेली घडी फोममध्ये कायमची रेघ पाडते. हवा शोषून घेणाऱ्या पिशवीत तर मुळीच नको, बुडबुडे चेपले जातात. सायकलच्या पेटीत टाकावाच लागला तर दात्याच्या चकतीपासून आणि पेडलपासून लांब, उशीच्या अभ्र्यात घालून. जेल आणि लॅनोलिन एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते म्हणून हाताशी. जेल चेक-इनला टाकलात तर बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वर झाकण फिरवा.

शर्यतीच्या सकाळचा क्रम. सनस्क्रीन सर्वांत आधी, निदान वीस मिनिटं मुरू द्या. अंगावर नंबर चिकटवायचा असेल तर तोही वंगणाच्या आधी, तेलकट कातडीवर तो धरत नाही. वेळेची चिप डाव्या पायाला घोट्याच्या वर, तिचा पट्टा सुटाच्या कडेखाली, म्हणजे पोहताना कुणाच्या हाताला लागून निघत नाही. पट्ट्यावरून आणि घोट्यावर जेल, पिशवी, पाय. सूट कमरेपर्यंत चढवून तिथेच थांबा. पूर्ण चढवून अर्धा तास रांगेत उभं राहिलात तर आत घामाने आंघोळ होते. सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी बाह्या आणि साखळी.

लॅनोलिन सगळ्यात शेवटी, आणि ते दुसऱ्याला लावू द्या किंवा हातात पिशवी घालून लावा. मानेचा मागचा भाग, जिथे साखळी संपते तिथे जास्त. ज्या बाजूला श्वास घेता त्या बाजूचं गळ्याचं कातडं. पुरुषांनो, आणखी एक जागा: हनुवटीखालचे दाढीचे खुंट दर श्वासाला खांद्याच्या रबरावर घासतात. आदल्या दिवशी दाढी करा, त्याच सकाळी केली तर ताजी कातडी झोंबते. वेल्क्रोची पट्टी लावल्यावर तिचा काटेरी भाग कुठे उघडा राहिला नाही ना ते बोटाने चाचपा. मानेवरच्या निम्म्या जखमा वंगणाअभावी नव्हे, त्या काट्यांनी होतात.

पाण्यात उतरल्यावर कॉलर बोटाने ओढून आत थोडं पाणी घ्या आणि उभं राहून खाली निथळू द्या. आतली हवा निघते आणि सूट अंगाला बसतो. बाहेर येताना काठावरच दोरी ओढून बाह्या काढा, तेव्हा आत पाणी असतं म्हणून निघतात, टोपी-गॉगल हातात ठेवा. सायकलपाशी पोचून सूट गुडघ्याखाली ढकला, एका पायाने दुसऱ्या पायाची बाजू दाबून पाय वर खेचा. टाचेला अडकला तर वाकून ओढू नका, पोटरीत पेटका येतो. अंगठा आत घालून कड टाचेवरून उलटा.

तापमानाचा नियम माहीत असेलच: हौशी गटाला २४.५ अंशांपर्यंत सूट चालतो, जाडी ५ मिमीपेक्षा जास्त नको. हॅम्बुर्गला सहसा प्रश्न येत नाही, तरी अधिकृत तापमान शर्यतीच्या आधी जाहीर होतं ते बघा.

परतीचं. हॉटेलवर थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात आतून-बाहेरून विसळा, गळ्याकडे सौम्य साबण लावा म्हणजे लॅनोलिन निघेल. पिळू नका. मोठ्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळा आणि वर अनवाणी उभे राहा, निम्मं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग जाड हँगरवर किंवा शॉवरच्या दांड्यावर कमरेतून दुमडून टांगा. खांद्यातून टांगलात तर पाण्याच्या वजनाने खांदे लांबतात. आधी अस्तर बाहेर, वाळल्यावर उलटा. हीटरवर किंवा उन्हात नाही. सोमवारी सकाळचं विमान असेल तर तो पूर्ण वाळणार नाही, दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून आणा, पण घरी आल्याबरोबर काढा. कोल्हापूरच्या जून-जुलैच्या दमट हवेत बंद पिशवीत दोन दिवस राहिला तर काळे ठिपके पडतात आणि तो वास जात नाही. पंख्याखाली दोन दिवस. गाडीच्या डिकीत तर अजिबात विसरू नका.

---

रंकाळावेस

सराव कुठे करायचा? तरणतलावात सूट घालून पोहलो तर चालेल? पाणी २८ असतं.

---

ओलेचिंब

एकदाच, आणि दहा-पंधरा मिनिटं. २८ ला सुटात अंग झपाट्याने तापतं, डोकं जड झालं की लगेच बाहेर. क्लोरीन रबराला वाईट, म्हणून लगेच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पोहण्यापेक्षा घालण्या-काढण्याचा सराव जास्त करा. रोज एकदा, घड्याळ लावून, आठवडाभर. पाण्यातली सवय हॅम्बुर्गला शुक्रवार-शनिवारी आयोजक ज्या ठिकाणी आणि ज्या वेळी पोहायला देतात तिथे करा. त्या दिवशी लॅनोलिनही शर्यतीला लावणार तेवढंच आणि तिथेच लावा, मान कुठे लाल होते ते संध्याकाळी आरशात कळेल.

---

तारकर्लीकर

आणि त्या बाटलीवर तारीख आणि "जेल" असं मार्करने लिहा. सोनोग्राफीचा जेल निळसर असतो, हॉटेलच्या बेसिनवर ठेवलात तर कुणीतरी त्याने केस धुतो.